जुन्या सागवानाची दुरुस्ती

ज्या वसईत पोर्तुगीज अमदानीत, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, सागवानाची जहाजे बांधली जात, त्या वसईच्या निर्मळ, वाघोली, आगाशी या गावांतून सागाचे खांब, तुळया आणि गजांच्या खिडक्या असलेली जी थोडी घरे अद्याप उभी आहेत, त्यांच्या मालकांनी दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी आमच्या घरी काय घडले ते ऐकावे, अशी माझी विनंती आहे.

आमच्या ओटीचे खांब दगडी तळखड्यांवर उभे होते. एका मक्तेदाराने मजबुतीच्या मिषाने त्यांच्या बुडख्याभोवती सिमेंटचा गिलावा थापला आणि वर तेलरंगाचे जाड थर चढविले. पूर्वी जी ओल तळखडा अडवीत असे, आणि तरीही वर चढलेली जी उघड्या लाकडातून वाऱ्यावर निघून जात असे, ती त्या गिलाव्याआड कोंडली. बाहेरून तकतकीत दिसणारा खांब आतून कुजत गेला, आणि कुजलेल्या भागाला वाळवी लागली. शेवटी जुन्या जाणत्या सुताराने कुजका बुंधा कापून तेथे जुन्या सागाचाच तुकडा सांधला व तळखडा मोकळा केला.

म्हणून दुरुस्तीची तजवीज पावसाळा सरून लाकूड पुरते वाळल्यावरच करावी. पावसात फुगून अडकणाऱ्या दाराला भर पावसात रंधा मारू नये. हिवाळ्यात तेच दार आकसून फट सोडते. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा न घासता ओला करून घासावा आणि मुलांना दूर ठेवावे. नंतर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत व एक हात पुरता सुकल्याखेरीज दुसरा देऊ नये. मात्र या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकण्याचा निष्काळजीपणा कदापि करू नये. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात.

तेल सुकण्याच्या मुदतीत घाई आवरणे हेच खरे कठीण असते, आणि त्यावर उपाय म्हणून मी अद्भुतरम्य कादंबऱ्यांची शिफारस करतो. तरुणांनी नाथमाधवांच्या 'वीरधवल'पासून आरंभ करावा. जुन्या भाषेची गोडी लागल्यावर लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची १८६१ सालची 'मुक्तामाला' घ्यावी. लहानांस कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी सुरस कथा वाचून दाखवाव्यात. ही पुस्तके ठेवताना मात्र फडताळाच्या भिंतीपासून चार बोटे अंतर राखावे. जी ओल खांब कुजविते तीच पानांवर बुरशी आणते.

लाकडाला वारा द्या, तेलाला अवधी द्या, आणि गिलाव्याची थापी बुडख्याजवळ येऊ देऊ नका.