भिंतीपलीकडे कोण झोपलंय?

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी माणसाच्या मनात भिंत अजूनही विटांचीच असते. इथल्या घराची आतली भिंत म्हणजे लाकडी उभ्या पट्ट्यांच्या दोन्ही अंगांना ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्समचे तक्ते आणि मध्ये पोकळी. घराच्या रक्षणासाठी रायफलीची काडतुसं निवडताना पहिला विचार या भिंतीचा करायचा, चोराचा नंतर. टेक्सासमधल्या एका प्रशिक्षणवर्गात मी हे डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून घरात रायफल ठेवणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला मी हेच सांगतो.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. आसपास घरफोड्या झाल्या, तेव्हा बायकोशी बोलून एआर-१५ जातीची रायफल घेतली. दुकानातल्या विक्रेत्याने हिरव्या टोकाची काडतुसं पुढे केली. फौज हीच वापरते, घरासाठी याहून चांगलं काही नाही, असं त्याचं म्हणणं. हिरवं टोक म्हणजे एम८५५: ६२ ग्रेन वजनाची गोळी, शिशाच्या पुढे पोलादाचा तुकडा बसवलेली. तो तुकडा अडथळा भेदण्यासाठी असतो. आमच्या घरात असा अडथळा म्हणजे सासू-सासरे सांगलीहून आले की ज्या खोलीत झोपतात, तिची भिंत.

वर्गातले प्रशिक्षक निवृत्त पोलीस होते. त्यांनी घरातल्यासारख्याच भिंती उभारून एकामागे एक मांडल्या होत्या. हिरव्या टोकाची गोळी सगळ्या भिंतींतून आरपार गेली. पिस्तुलाची नऊ मिलिमीटरची गोळीही गेली, आणि तिची भोकं शेवटपर्यंत गोल, स्वच्छ होती. मग त्यांनी रायफलीची हलकी, पसरणारी गोळी झाडली. तीही पलीकडे पोहोचली, पण पुढच्या तक्त्यांवरची भोकं लांबट आणि फाटकी होती. गोळी आडवी होत, तुटत, जोर गमावत गेली होती. प्रशिक्षक म्हणाले, "माणसाला थांबवू शकणारी कुठलीही गोळी ही भिंत थांबवणार नाही. कोणती गोळी भिंतीपलीकडे कमी जोर घेऊन पोहोचते, एवढंच तुमच्या हातात आहे."

फौज वापरते म्हणून चांगलं, हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. लागल्यावर पसरणाऱ्या गोळ्या इंग्रजांनी १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बनवल्या. 'डमडम' हे नाव तिथूनच जगभर गेलं. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्यांना युद्धात मनाई केली आणि सैन्यांमध्ये पूर्ण आवरणाची, म्हणजे फुल मेटल जॅकेटची गोळी रूढ झाली. घरमालकाला तो नियम लागू नाही. इथले पोलीसही पसरणारीच गोळी वापरतात, कारण ती आपला जोर लक्ष्यातच खर्च करते.

मात्र फार उथळ थांबणारी गोळीही कामाची नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एका दरोडेखोराला वर्मी लागलेली गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली, तो लढत राहिला आणि दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यावर गोळ्या तपासण्याची पद्धत बसवली. गोळी किमान १२ इंच आत शिरावी आणि साधारण १८ इंचांच्या आत थांबावी, ही तिची अपेक्षा. चाचणीत जाड कपडे आणि जिप्समचे तक्तेही असतात. काडतुसं निवडताना खोक्यावरच्या भडक नावापेक्षा या चाचणीचे आकडे पाहा. सॉफ्ट पॉइंट किंवा हॉलो पॉइंट, म्हणजे पसरणारी, आणि संरक्षणासाठीच बनवलेली घ्या. पोलादी गाभ्याची नको. पूर्ण आवरणाची स्वस्त काडतुसं सरावापुरती ठेवा.

यानंतर नळीवर कोरलेलं वाचा. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसं दिसायला सारखी, पण ५.५६ चं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये झाडलं तर दाब धोकादायक वाढू शकतो. उलटं चालतं. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस तर .२२३ च्याच मॅगझिनमध्ये बसतं आणि कधीकधी चेंबरमध्येही शिरतं. ते .२२३ च्या नळीत झाडलं की रायफल हातात फुटते. घरात दोन्ही रायफली असतील तर मॅगझिनं वेगळ्या रंगाची ठेवा आणि काडतुसं वेगळ्या कपाटात.

निवडलेली काडतुसं तुमच्याच रायफलीत पुरेशी झाडून पाहा. महाग पडतात, पण ती अडकतात का आणि नेम कुठे बसतो, हे रेंजवरच कळायला हवं. दुर्बीण नळीच्या वर बसते, त्यामुळे खोलीतल्या अंतरावर गोळी नेमाच्या सुमारे अडीच इंच खाली लागते. बंद खोलीत रायफलीचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या पुढचा एकच आवाज कानांना कायमची इजा करू शकतो. म्हणून कानांचं संरक्षण रायफलीजवळच ठेवा.

कायद्याच्या गोष्टी आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही बाळगता येत नाही. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही. टेक्सासच्या दंडसंहितेचं ९.०५ हे कलम सांगतं की स्वसंरक्षणाचा हक्क असला, तरी बेपर्वाईने तिऱ्हाईताला इजा केली तर त्या इजेपुरता तो बचाव चालत नाही. भरलेलं शस्त्र १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं ठेवणं हाही टेक्सासमध्ये गुन्हा आहे. कुलपाची तिजोरी हवीच. रेंजला नेलेली पिशवी भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नका. तळाशी राहिलेलं एक जिवंत काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.

विक्रेत्याकडून घेतलेला हिरव्या टोकाच्या काडतुसांचा डबा आता फक्त रेंजवर उघडतो. तिजोरीत पसरणारी, तपासून घेतलेली काडतुसं आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आम्ही घराचा नकाशा काढून प्रत्येक दारातून सरळ रेषा ओढल्या. कुठल्या रेषेवर मुलांची खोली येते, कुठल्या रेषेवर शेजारचं घर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री खटका झाला तर सगळ्यांनी एकाच ठरलेल्या खोलीत यायचं, दार लावायचं आणि ९११ ला फोन करायचा. रायफल त्यानंतर, आणि तीही त्याच खोलीच्या दाराकडे रोखून.

काडतुसं विकत घ्यायच्या आधी तुम्हीही हा नकाशा काढा. एवढं करायची तयारी नसेल, तर रायफल घरात आणूच नका.