विरघळणारा स्क्रू: भाव किती आणि तपासणीचा खर्च किती?

गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि ऑपरेशनची तारीख ठरली की सह्यांच्या गडबडीतच विचारलं जातं, स्क्रू टायटॅनियमचा घालायचा की विरघळणारा? विरघळणारा बहुधा महाग असतो. "दोन वर्षांत आपोआप जाईल, काढायला नको," असं आश्वासनही मिळतं. पण लिगामेंटच्या ऑपरेशनमधला टायटॅनियमचा स्क्रूसुद्धा त्रास झाला नाही तर सहसा काढत नाहीत. त्यामुळे दुसरं ऑपरेशन वाचतं म्हणून जास्त पैसे देऊ नका. विरघळणाऱ्याचा खरा फायदा वेगळा आहे: पुढे एमआरआय काढावा लागला तर धातूमुळे चित्र बिघडत नाही.

आता त्या 'दोन वर्षां'कडे वळू. हे स्क्रू बहुधा पॉलिलॅक्टिक आम्लाचे असतात. शरीरातलं पाणी त्याच्या लांब साखळ्या तोडतं, शेवटी लॅक्टिक आम्ल उरतं आणि शरीर त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतं. प्रयोगशाळेत हे मोजताना तुकडे ७.४ पीएचच्या बफर द्रावणात ३७ अंश सेल्सियसला ठेवतात. ठरावीक आठवड्यांनी एकेक तुकडा काढून धुतात, पूर्ण वाळवतात आणि तोलतात. साखळ्यांची लांबी जीपीसी यंत्रावर बघतात, ताकद ओढून किंवा पिळून तपासतात. आधी साखळ्या तुटतात, मग ताकद जाते आणि वजन सगळ्यात शेवटी घटतं. म्हणजे तराजूवर जसाच्या तसा दिसणारा स्क्रू आतून ठिसूळ झालेला असू शकतो. म्हणून 'कधी नाहीसा होतो' यापेक्षा 'ताकद किती महिने टिकते' हे आधी विचारा. नवं लिगामेंट हाडात रुजायला साधारण तीन महिने लागतात. तोवर स्क्रूने धरून ठेवलं पाहिजे.

दुसरा प्रश्न: आकडे ३७ अंशांवरच्या चाचणीचे आहेत की घाईच्या? वेळ वाचवायला ७० अंशांवरही चाचणी करतात. पण हे प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, त्यामुळे तिथला हिशेब शरीराला सरळ लागू होत नाही. विद्यापीठांच्या उपकरण केंद्रांत जीपीसीचा दर एका नमुन्याला काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत असतो. खरा खर्च वेळेचा आहे, कारण दोन वर्षांचा दावा पुराव्यानिशी करायचा तर दोन वर्षं थांबावंच लागतं. कंपनीच्या प्रतिनिधीकडे ही माहिती असायला हवी. डॉक्टरांमार्फत ती मागा; त्याला एक रुपयाही लागत नाही.

ऑपरेशननंतर स्वतः तपासायचं म्हटलं तर? एक्स-रे काहीशे रुपयांत होतो, पण त्यात नुसत्या पॉलिमरचा स्क्रू दिसतच नाही; हाडातलं छिद्र रुंदावलंय का, एवढंच कळतं. एमआरआयमध्ये स्क्रू दिसतो. खासगी केंद्रात त्याला साधारण पाच ते दहा हजार लागतात, धर्मादाय रुग्णालयात कमी. गुडघा ठीक असेल तर नुसत्या कुतूहलापोटी हे पैसे घालवू नका. मात्र वर्षा-दोन वर्षांनी नडगीच्या वरच्या टोकाला गाठ आली, सूज किंवा स्राव सुरू झाला, तर टाळू नका. स्क्रू विरघळताना तयार होणाऱ्या आम्लाने असा त्रास होऊ शकतो.

हृदयाच्या विरघळणाऱ्या स्टेंटची गोष्ट आणखी गंभीर आहे. ॲबट कंपनीच्या 'ॲब्सॉर्ब' स्टेंटला २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण धातूच्या औषधी (औषध सोडणाऱ्या) स्टेंटपेक्षा जास्त दिसलं आणि २०१७ मध्ये त्याची विक्री थांबली. आपल्याकडे वापीच्या मेरिल कंपनीने 'मेरेस १००' हा पातळ काड्यांचा स्टेंट आणला. किमतीत मात्र तुम्हाला कायद्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनपीपीए या सरकारी संस्थेने विरघळणाऱ्या स्टेंटला औषधी स्टेंटच्याच गटात टाकून २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. ती आता एकोणचाळीस हजारांच्या आसपास आहे, कर वेगळा. 'विरघळणारा आहे म्हणून' कुणी लाखाची गोष्ट काढली तर तिथेच हरकत घ्या. स्टेंट विरघळला का, हे आतून बघायचं म्हणजे पुन्हा अँजिओग्राफी आणि ओसीटीची, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतून चित्र घेणाऱ्या तपासणीची, एकदाच वापरायची महागडी नळी. खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. डॉक्टरांना वैद्यकीय कारण दिसलं तरच तो करा. आणि स्टेंट विरघळला असेल असं मानून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांक वेगळे लिहिलेच पाहिजेत. स्क्रूच्या पाकिटावरचं लेबलही मागून घ्या. त्यावर छापील किंमत, पॉलिमरचं नाव आणि मुदत असते. मुदतीकडे नीट बघा, कारण ओल लागली की विरघळणं पाकिटातच सुरू होतं. म्हणून तर ते फॉइलमध्ये बंद असतं. जादा किमतीची तक्रार एनपीपीएच्या 'फार्मा जन समाधान'वर करता येते. त्रास झाला तर वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे नोंद करायला डॉक्टरांना सांगा. त्या अर्जात हाच बॅच क्रमांक भरावा लागतो.