मागच्या दिव्यांचा लपंडाव

प्रश्न : माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनीत ब्रेक दाबताच मागचा इंडिकेटरही मंद उजळतो. सगळे वायरिंग बदलावे काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तसा हुकूम सोडण्यापूर्वी, ज्या अर्थी ब्रेकच्या दिव्याचा प्रवाह शेजारच्या दिव्यातून परतीची वाट शोधीत आहे, त्या अर्थी दोष बहुधा अर्थिंगचाच असावा, हे ध्यानी घ्यावे; पंचगंगेस पूर आणणारा आपला पावसाळा दिव्याच्या बैठकीखाली जो गंज साठवितो, तोच येथे मुख्य आरोपी. कोणाकडून तरी ब्रेक दाबून धरवावा, मीटरची एक तार त्या बैठकीस व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकास लावावी, आणि आकडा अर्ध्या व्होल्टहून अधिक भरल्यास, बॅटरी सोडवून, स्क्रूखालचा पत्रा चकचकीत होईतो पॉलिशपेपरने घासावा. दुरुस्तीसाठी उद्यमनगर गाठण्याची वेळ सहसा येत नाही. विजेचा विषय निघालाच आहे, तर उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची आपली जुनी खोड मात्र सोडावी.