कपाटातली हिवाळी ओल

मुंबई-कोकणात कपाटाला ओल धरते ती पावसाळ्यात. ब्रिटनमध्ये तिचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा असतो आणि तिचे मूळही वेगळे असते. तिथे नव्याने गेलेल्या मराठी घरांत पहिल्या हिवाळ्यात नेमका इथेच घोटाळा होतो. खिडक्या घट्ट लावायच्या, कपाट बंद ठेवायचे, तळाशी डांबराच्या गोळ्या टाकायच्या, ही पावसाळ्यातली रीत जशीच्या तशी पाळली जाते. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी काळी चंद्रकळा काढावी, तर घडीच्या कडेवर राखट ठिपके दिसतात आणि कुबट वास येतो.

फरक हवेतल्या पाण्याचा आहे. जुलैत मुंबईची हवा २८ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेची असेल, तर तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. जानेवारीत लंडनची हवा ५ अंश आणि ९० टक्क्यांवर असली, तरी तिच्यात पाणी जेमतेम ६ ग्रॅम. हीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे मुंबईत ओल बाहेरून आत येते, तर लंडनमध्ये ती घरातच तयार होते आणि बाहेरची हवा घर सुकवते, अगदी बाहेर रिपरिप चालू असली तरी.

घरातल्या ओलीचे झरे रोजचेच असतात: कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, गरम पाण्याची अंघोळ, माणसांचे श्वास. चार माणसांच्या घरात या सगळ्यातून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. त्यात हिवाळ्यात बाहेर कपडे वाळत नाहीत, म्हणून ते खोलीतच स्टँडवर टाकले जातात. मशीनभर धुण्यातून आणखी दोन लिटर पाणी हवेत मिसळते. ही वाफ स्वयंपाकघरात थांबत नाही. ती घरभर पसरते आणि सर्वांत गार पृष्ठभागावर जाऊन बसते, गार पाण्याच्या तांब्याला घाम फुटतो तशी.

कपडे ठेवायची जागा बहुधा हाच गार पृष्ठभाग असतो. जुन्या ब्रिटिश घरांच्या बाहेरच्या भिंती एकसंध विटांच्या असतात, आत पोकळी नसते. अशाच भिंतीला पाठ लावून कपाट उभे असते किंवा भिंतीतच बसवलेले असते. रेडिएटरची ऊब बंद दारातून आत पोहोचत नाही, वाफ मात्र फटींतून शिरते. २० अंशांच्या खोलीत आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांच्या भिंतीवर पाण्याचे थेंब धरतात. भिंत १४ अंशांची असेल तर थेंब दिसत नाहीत, पण तिला लागून असलेल्या हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात जाते. बुरशीला थेंबांची गरज नसते. पृष्ठभागाजवळ ८० टक्के आर्द्रता काही दिवस टिकली की तिला पुरते. म्हणून भिंत हाताला कोरडी लागली, तरी कपाट सुरक्षित आहे असे समजू नये.

सगळ्या कापडांना सारखाच धोका नसतो. ६५ टक्के आर्द्रतेत लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के, रेशीम ११ आणि सूत ८ टक्के पाणी धरून ठेवते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घाम, अत्तर, जेवणाचा डाग किंवा खळ कापडावर असेल, तर बुरशीला आयते अन्न मिळते. खळीवर कसर (सिल्व्हरफिश) ही रुपेरी कीडही येते, तिलाही दमट जागाच मानवते. खऱ्या जरीचा प्रश्न निराळा आहे. ती सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार असते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी ती काळवंडते आणि ओलीत ही क्रिया वेगाने होते. लोकरीतूनही अशी संयुगे सुटतात, त्यामुळे स्वेटर-शाली आणि जरीच्या साड्या एका पेटीत ठेवू नयेत.

उपायांची सुरुवात मोजण्यापासून करावी. आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल मीटर स्वस्तात मिळते, पण ते पाच-सात टक्क्यांनी चुकू शकते. ते घरीच तपासता येते. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्यावे, ओल्या वाळूसारखे होईल एवढेच पाणी थेंबाथेंबाने घालावे आणि झाकण व मीटर एकाच हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मीटर ७० दाखवत असेल, तर पुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवावेत. मग ते कपाटात मागच्या भिंतीशी, खालच्या खणात ठेवावे. दाराजवळचा आकडा फसवा असतो. ४५ ते ५५ टक्के ठीक, ६० च्या वर आठवडाभर राहिले तर हालचाल करावी आणि ७० म्हणजे कपडे त्याच दिवशी बाहेर काढावेत.

दुसरी पायरी वाफ जिथे निघते तिथेच अडवण्याची. स्वयंपाक करताना भांड्यांवर झाकण ठेवावे आणि एक्झॉस्ट पंखा लावावा. अंघोळीनंतर न्हाणीघराचे दार बंद ठेवून तिथला पंखा किमान पंधरा-वीस मिनिटे चालू द्यावा. कपडे खोलीत वाळवायचेच असतील, तर एकाच खोलीत, दार लावून आणि खिडकी किलकिली ठेवून वाळवावेत. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडाव्यात. तेवढ्यात हवा बदलते, पण भिंती आणि सामान गार होत नाही. घर दिवसभर गार ठेवून संध्याकाळी तासभर कडक तापवण्यापेक्षा मंद ऊब सतत राहिलेली कपाटाला मानवते, कारण भिंतीला तापायला वेळ लागतो.

तिसरी पायरी कपाटाची. ते शक्यतो आतल्या भिंतीला लावावे. ते जमत नसेल, तर बाहेरच्या भिंतीपासून चार-पाच बोटे पुढे ओढावे. भिंतीतल्या कपाटाची दारे दिवसातून काही वेळ उघडी ठेवावीत. कपडे खच्चून भरू नयेत, हँगरांमध्ये बोटभर जागा राहावी आणि घड्या भिंतीला टेकू नयेत. एवढे करूनही आकडा उतरला नाही, तर डीह्युमिडिफायर घ्यावा. कॉम्प्रेसरवर चालणारे यंत्र १५ अंशांखालच्या खोलीत नीट पाणी ओढत नाही. गार खोलीसाठी डेसिकंट प्रकारचे बरे.

ओल शोषणाऱ्या पुड्यांचा क्रम यानंतर येतो. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी घेते आणि थांबते. म्हणून ते हवाबंद पेटीत उपयोगी, उघड्या-झाकत्या कपाटात काही दिवसांत निकामी. रंग बदलला की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून ते पुन्हा वापरता येते. कॅल्शियम क्लोराइडचे डबे जास्त पाणी ओढतात, पण ते पाणी खारट द्रव होऊन डब्यात साठते. ते रेशमावर किंवा चामड्यावर सांडले तर डाग जात नाही, त्यामुळे डबा नेहमी तळाशी, कपड्यांपासून दूर असावा. डांबराच्या गोळ्या ओल मुळीच कमी करत नाहीत. त्यांच्या वाफा जी-६-पी-डी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या तान्ह्या मुलांना घातक ठरतात. तान्हे मूल असलेल्या घरात त्या वापरूच नयेत.

ठेवणीतली साडी नेसून झाली की लगेच घडी घालू नये. रात्रभर सावलीत पसरून ठेवावी, डाग असल्यास ड्रायक्लीन करावी आणि मगच मांजरपाटाच्या किंवा मलमलीच्या धुतलेल्या कापडात गुंडाळावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिलेली ओल बाहेर पडत नाही. सुती कपड्यांची खळ धुऊन काढावी. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून नव्या रेषेवर घालावी. जरीची तार एकाच ठिकाणी दुमडत राहिली की तिथेच चिरते.

बुरशी आलीच, तर कापड घरात झटकू नये, तिचे कण इतर कपड्यांवर बसतात. मास्क लावून, बाहेर नेऊन, कोरड्या मऊ ब्रशने घडीच्या दिशेने झाडावे. ओल्या फडक्याने पुसल्यास डाग आत मुरतो. सुती कपडे गरम पाण्यात धुवावेत. रेशमी आणि जरीचे कापड घरी धुऊ नये, जाणकार ड्रायक्लीनरकडे द्यावे व डाग बुरशीचा आहे हे त्याला सांगावे. कपाट पुसून, दारे उघडी ठेवून पूर्ण सुकवावे आणि मीटरचा आकडा ५५ च्या खाली आल्यावरच कपडे परत ठेवावेत. बुरशीने खाल्लेला रेशमाचा धागा कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही.