अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा पहिला प्रोग्रॅम

अभियांत्रिकी पदवीच्या पहिल्या वर्षी शिकविला जाणारा प्रोग्रॅमिंग हा विषय आता केवळ संगणक शाखेपुरता राहिलेला नाही. स्थापत्य, यंत्र, विद्युत या शाखांच्या विद्यार्थ्यांनाही तो बहुतेक ठिकाणी अभ्यासावा लागतो. यांपैकी कित्येक जण जिल्हा परिषदेच्या शाळांतून, मराठी माध्यमातून आलेले असतात. पहिल्याच सत्रात 'हे आपल्याला जमणारे नाही' अशी ज्यांची समजूत होते, ते पाठांतराकडे वळतात. जर्नल उतरवून होते, परीक्षाही पार पडते. प्रोग्रॅम मात्र लिहिता येत नाही. म्हणूनच हा विषय कसा शिकवावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या अपयशाचे खापर सर्रास इंग्रजीवर फोडले जाते. ते पूर्णतः खरे नाही. सी भाषेच्या १९८९ च्या मानकात राखीव शब्द अवघे ३२ आहेत. ते पाठ होण्यास फार दिवस लागत नाहीत. खरी अडचण निराळी आहे. 'क्ष = क्ष + १' हे विधान पाहून बीजगणित नीट शिकलेला विद्यार्थी गोंधळतो, कारण स्वतःहून एकाने मोठी असलेली संख्या जगात नाही. त्याचा गोंधळ रास्त आहे. येथे बरोबरीचे चिन्ह समानता सांगत नाही, तर आज्ञा देते: 'क्ष नावाच्या कप्प्यातील संख्या घ्या, तीत एक मिळवा आणि उत्तर त्याच कप्प्यात ठेवा.' जुनी संख्या त्याबरोबर पुसली जाते. हे एकदा सांगून भागत नाही. 'अ' मध्ये ५ व 'ब' मध्ये ८ असताना 'अ = ब' आणि त्यानंतर 'ब = अ' लिहिले, तर अदलाबदल होईल असे अनेकांना वाटते. कागदावर दोन रकाने आखून प्रत्येक ओळीनंतरची संख्या मांडली, की दोन्हीकडे ८ उरतात आणि तिसऱ्या कप्प्याची गरज विद्यार्थ्याला आपोआप कळते.

मुंबईच्या आयआयटीतील प्रा. अभिराम रानडे यांनी या प्रारंभिक टप्प्याचा विशेष विचार केला आहे. त्यांचे सी प्लस प्लसवरील पाठ्यपुस्तक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या 'सिंपलसीपीपी' या साधनात विद्यार्थी आरंभीच पडद्यावरील कासवाला आज्ञा देतो. कासवाची ही कल्पना, अमेरिकेत १९६७ मध्ये मुलांसाठी निर्माण झालेल्या लोगो भाषेच्या परंपरेतील आहे. शंभर पावले पुढे जा, ९० अंश वळ, असे चार वेळा केले की चौरस होतो. मग समभुज त्रिकोण काढावयास सांगावे. पुष्कळ विद्यार्थी ६० अंश लिहितात, कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असल्याचे त्यांनी शाळेत शिकलेले असते. कासव मात्र त्रिकोण न काढता अर्धा षट्‌कोन काढून थांबते! वळावयाचा कोन बाहेरचा, म्हणजे १२० अंशांचा, हे उमगले की पंचकोनाला ७२ आणि कोणत्याही सम बहुभुजाला ३६० भागिले बाजूंची संख्या हा नियम विद्यार्थी स्वतःच शोधतो. येथे चूक डोळ्यांना दिसते, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. (हाच खेळ शाळेच्या पटांगणात, एका मुलाला कासव करून, संगणकाविना खेळता येतो.)

सर्वच चुका अशा दिसत नाहीत. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे सूत्र सी भाषेत '१/२ * पाया * उंची' असे लिहिल्यास उत्तर नेहमी शून्य येते, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार करताना ती भाषा अपूर्णांक टाकून देते. यंत्र तक्रार करीत नाही. शून्य निदान खटकते. तीच चूक मोठ्या गणितात दडली, तर उत्तर खरे भासेल इतपतच चुकते. उद्या पुलाच्या तुळईची गणिते करणाऱ्या अभियंत्याला हा संशय अंगी बाणवावाच लागेल.

कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० संगणक आला. त्या काळी छिद्रित पत्रिकांवर प्रोग्रॅम द्यावा लागे व उत्तराची वाट पाहावी लागे. साहजिकच तो आधी कागदावर तपासला जाई. आज उत्तर क्षणात मिळते, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर संपूर्ण प्रोग्रॅमच लिहून देतात. त्यामुळे तपासण्याची सवय शिक्षकालाच मुद्दाम लावावी लागते. 'चालविण्यापूर्वी उत्तर सांगा' हा साधा दंडक प्रात्यक्षिकाच्या तासाला पाळता येण्यासारखा आहे.

या चर्चेस मराठीची अडचण नाही. २०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मान्यता दिली आहे. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात सी व सी प्लस प्लसचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रोग्रॅमचे शब्द इंग्रजीतच राहतील. 'आता कप्प्यात काय आहे?' हा प्रश्न मात्र शिक्षकाने विद्यार्थ्याच्या भाषेत विचारावा, आणि परीक्षेतही त्याला गुण ठेवावेत.