ओताऱ्याच्या भट्टीवर मिळालेला पाठ

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. पृथ्वी, वायू, अजगर, मधमाशी ही नावे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. त्यांत एक साधा कारागीरही आहे, बाण करणारा. राजाची स्वारी शेजारून निघून गेली तरी त्याला कळले नाही, इतका तो हातातल्या कामात बुडाला होता. म्हणजे गुरू मठातच भेटतो असे नाही, कारागिराच्या दारातही भेटतो. मला तो एका ओताऱ्याच्या भट्टीवर भेटला. त्याची ही हकिगत.

आम्ही पेठ वडगावचे. सेनापती धनाजी जाधवांची समाधी असलेले हे बाजाराचे गाव. लहानपणी आम्हाला घंटा म्हटली की बाजारातल्या बैलांच्या घुंगुरमाळाच आठवायच्या. देवघरातली घंटा मात्र वेगळी. आजोबांच्या वेळची, काशाची, मुठीवर गरुड. वडील पहाटे पूजेला बसले की तिच्या आवाजाने घर जागे होई.

वडिलांच्या मागे आम्हा दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. बांधावरून शब्दाला शब्द लागला आणि सात वर्षे थोरल्या दादांच्या उंबऱ्याला मी पाय लावला नाही. घंटा माझ्याकडे राहिली. आई ज्या काशाच्या वाटीने आमचे तळपाय चोळायची, ती वाटी दादांकडे गेली.

मागच्या चातुर्मासात घंटा माझ्या हातून फरशीवर पडली. केसाएवढी चीर गेली, पण आवाज पार बसला. फुटक्या मडक्यावर मारल्यासारखा. नातू म्हणाला, “आजोबा, विजेवरची घंटा मिळते. बटन दाबलं की झालं.” मन घेईना. चौकशी करत कोल्हापुरात एका जुन्या ओतारी घरी गेलो. तांबट तांबे ठोकून भांडे घडवतो, ओतारी धातूचा रस करून साच्यात ओततो. त्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. म्हाताऱ्या ओताऱ्याने घंटा कानाशी धरली, नखाने टिचकी मारली आणि म्हणाला, “मालक, ह्याला डाग देऊन चालत न्हाई. डाग दिसायला बरा दिसंल, पर नाद चिरंपाशी अडतोय. मोडून परत वतायला लागंल.”

मी विचारले, “घरची घंटा मोडायची?”

“मोडल्याबिगार नवी हुत न्हाई,” तो म्हणाला.

त्या दिवशी त्याने जे समजावले, ते तीन पाठ म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

पहिला पाठ मिश्रणाचा. कासे म्हणजे तांबे आणि कथील. चांगल्या घंटेत साधारण 78 भाग तांबे आणि 22 भाग कथील असते. गंमत अशी की तांबे मऊ, कथील त्याहून मऊ. दोन्ही एकत्र आटले की मात्र असा कडक धातू होतो की टोला बसला की बराच वेळ घुमत राहतो. एकट्या तांब्याला तो नाद नाही, एकट्या कथिलालाही नाही. घरातल्या माणसांचे वेगळे काय असते?

दुसरा पाठ पोकळीचा. आधी मेणाची घंटा करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, मग ऊब देऊन मेण काढून टाकायचे. जी पोकळी राहते तिच्यातच रस जातो. मेण आत राहिले तर घंटा बिघडली. आणि तयार घंटेलाही बोटांनी अंगाला आवळून धरा, ती मुकी होते. मुठीने धरली, अंगाला मोकळी ठेवली, की बोलते. आपणही “माझे, माझे” म्हणून घट्ट धरतो आणि मग देव बोलत नाही म्हणतो.

तिसरा पाठ चिरेचा. कासे कडक, पण ठिसूळ. पितळ एखादे वेळी पोचेल, कासे तडकते. लंडनची प्रसिद्ध बिग बेन घंटा पहिल्यांदा ओतली तीही तडकली. 1858 मध्ये ती वितळवून पुन्हा ओतली. 1859 मध्ये तिलाही चीर गेली, तेव्हा घंटा थोडी फिरवून हलका हातोडा लावला. आजही ती तशीच वाजते. अमेरिकेत ईस्ट हॅम्प्टन गावी बेविन घराणे 1832 पासून घंटा करते. 2012 मध्ये वीज पडून कारखाना जळाला, तरी त्यांनी काम पुन्हा उभे केले. मोडले ते संपले असे नाही. पुन्हा आगीत जायची तयारी हवी.

ती तयारी माझ्यात होती का? ओतारी म्हणाला, “आटवताना घट येती. घरात जुनं कासं असंल तर आणा.” घरात नव्हते. होते ते दादांकडे.

दोन दिवस मी घालमेलीत काढले. तिसऱ्या दिवशी गेलो. दादा सोप्यात बसले होते. घंटेचे सांगितले. ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि वाटी घेऊन आले. पदराने पुसावी तशी धोतराच्या सोग्याने पुसली. “आईची हाय. ने. पर घंटा झाली की पैल्यांदा हितं वाजवून दाव.”

ओतताना आम्ही दोघेही भट्टीपाशी उभे होतो. मुशीत आधी घंटेचे तुकडे विरघळले, मग वाटी. कुठला रस कुणाचा, हे सांगता येईना. ओतून झाल्यावर ओताऱ्याने साच्याला हात लावू दिला नाही. सावकाश निवू दिला.

बांधाचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही, खोटे कशाला लिहू? पण आता मोजणीला आम्ही दोघे मिळून जातो. मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी दत्तजन्माच्या वेळी पाळणा झाला, तेव्हा घंटा दादांच्या हातात होती. आवाज पूर्वीचा नाही, थोडा खालचा आहे. आईची वाटी आहे ना त्यात.

पूजेच्या आरंभी आपण घंटेची पूजा करतो. देवांनी यावे आणि दुष्टांनी जावे, असा तिचा भाव. घरातली अढी हाही त्या दुष्टांपैकीच एक समजावा. भाविकहो, उद्या घंटा हातात घ्याल तेव्हा घाई करू नका. एक टोला द्या आणि नाद विरेपर्यंत ऐका. कुठे अडतो आहे असे वाटले, तर डाग देऊ नका. उंबरा ओलांडून जा.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥