आधी पत्रा, मग पिकअप

बुलढाणा जिल्ह्यात राहून जुन्या स्पोर्ट्स कारचा नाद करायचा म्हटलं, तर खिशाला झेपणारी गाडी एकच: फियाट. हसू नका. परदेशी गाडी आणणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं, त्या काळात मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धातल्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या. तिथे घरगुती फियाटच हेड घासून, कार्बोरेटर वाढवून पळवायचे. इटलीत तर फियाट 1100 चा ‘तुरिस्मो वेलोचे’ नावाचा वेगवान प्रकार 1953 मध्येच निघाला होता. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियरने 1100 चीच पुढची आवृत्ती पद्मिनी म्हणून विकली. 1089 सीसीचं इंजिन, ताकद 40 घोड्यांच्या आसपास, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये उतरली. तेव्हापासून या गाडीला एकदम ‘क्लासिक’ म्हणायला लागले आणि भावही तसेच सांगायला लागले.

माझी 1979 ची. खामगावकडच्या एका जिनिंगच्या गोदामात सरकीच्या पोत्यांआड उभी होती. डोक्यात नकाशा तयार होता: दोन कार्बोरेटर, अलॉय व्हील, खाली फ्लोअर गिअर, मोठा सायलेन्सर. मलकापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना सोबत नेलं होतं. मला वाटलं, ते आधी बॉनेट उघडतील. त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं. खालचं गोणपाट ओलसर, उंदरांनी कुरतडलेलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवून नुसता दाब दिला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. गंजाचे तपकिरी पापुद्रे खाली फरशीवर पडले.

“भाऊ, हा पत्रा नोहे, चायनी होय,” ते म्हणाले. म्हणजे चाळणी. बाहेरून मात्र दाराखालची पट्टी चकचकीत. खिशातलं लोहचुंबक त्यांनी तिथे लावलं, ते चिकटेना. आत सगळी पुट्टी.

ही गोष्ट जीपवाल्यांना पटकन कळत नाही. जीपला खाली चेसिसची फ्रेम असते. बॉडी कुजली तरी गाडी उभी राहते. फियाटला वेगळी फ्रेमच नाही. फरशी, दाराखालच्या पट्ट्या, खांब हाच तिचा सांगाडा. तो कुजलेला असताना इंजिन ताकदवान करणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा लोहचुंबक आणि टॉर्च न्या. मॅटखाली, बॅटरीच्या तळाशी, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात, दारांच्या खालच्या कडेला बघा. जॅक लावायची जागा हाताने चाचपा. मालक मॅट उचलू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

पत्राकाम करणाराही निवडून घ्या. गंजलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करणारा वेगळा आणि वरून पट्टी चिकटवून पुट्टी भरणारा वेगळा. काम चालू असताना मधेच जाऊन बघा, फोटो काढा, प्रायमर मारायच्या आत. रंग चढला की मग काहीच दिसत नाही.

इंजिनआधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम, आणि माझ्या गाडीत ऑइलची लाइन एकच. एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक जातात. दुसऱ्या शहरातल्या एका गॅरेजने ‘ब्रेक फुल ओव्हरहॉल’ लिहून बिल दिलं होतं. राजूर घाट उतरताना पेडल स्पंजासारखं लागायला लागलं आणि एका वळणावर सरळ तळाला गेलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, हँडब्रेक चांगला होता, समोरून एसटी येत नव्हती, एवढ्यावर वाचलो. नंतर ड्रम उघडल्यावर दिसलं की आतून खड्डे पडलेल्या जुन्याच व्हील सिलिंडरमध्ये नवीन किट घातलं होतं. अशा सिलिंडरमध्ये रबर चार दिवसही टिकत नाही. सिलिंडर नवे घ्या, नाहीतर आतून नीट बोअर करून स्लीव्ह घाला. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, म्हणून तेही ठरावीक काळाने पूर्ण बदला. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा एसटी ड्रायव्हरांचा नियम ड्रम ब्रेकच्या गाडीत पाळायलाच हवा.

टायर नक्षीवर जाऊन घेऊ नका. बाजूला छापलेले चार आकडे वाचा: 2314 असेल तर 2014 चा 23 वा आठवडा. उभ्या गाडीचं टायर कोरं दिसतं, पण रबर मेलेलं असतं. सिंदखेडराजा-मेहकरकडून समृद्धी महामार्गावर चढायची हौस असेल तर हे आधी बघा.

आता उन्हाळा. मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याला गाडी हीट झाली की सगळे थर्मोस्टॅटला दोष देतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओतलेलं असतं. आत क्षाराचा थर बसतो. रेडिएटर खोलून साफ करा आणि पुढे फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घाला. दुसरं म्हणजे आता पंपावर मिळणारं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम ते मऊ करून टाकतं. इथेनॉल चालेल असे पाइप बसवा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा.

पिकअपचं काय? मिस्त्रींनी टायमिंग, टॅपेट, पॉइंट आणि कार्बोरेटर मूळ मापात आणले, तेव्हा गाडी जी पळाली ती मला पुरली. हेड जास्त घासलं की नॉकिंग सुरू होतं आणि गाडी तापते. बाकी बदल कायद्यानेच अडतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल स्पष्ट आहे: कंपनीच्या मूळ तपशिलात न बसणारा बदल चालत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर एकेका बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन बदलायची वेळ आलीच तर त्याच बनावटीचं, आणि आधी आरटीओची परवानगी. रंग बदललात तर आर.सी.वर नोंद करा. विम्याच्या कंपनीला न सांगितलेला बदल अपघातानंतर अंगाशी येतो.

कागद सौद्याआधीच तपासा. चेसिस आणि इंजिनवरचा नंबर स्वतः वाचून आर.सी.शी जुळवा, पेन्सिल घासून कागदावर ठसा घ्या. गाडी 15 वर्षांपुढची, म्हणजे फॉर्म 25 भरून दर 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर आलाच. ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्या मालकाला पैसेही नंतरच द्या. जुलै 2021 पासून 50 वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी ‘व्हीए’ मालिका मिळते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं. मात्र चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, आणि ती गाडी रोज बाजारात नेता येत नाही. मॉडिफिकेशनच्या हौसेपायी गाडीचा हा हक्कही जाऊ शकतो.

सुटे भाग हीच आता खरी अडचण. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या जुन्या बाजारात काही मिळतं, पण काचा, पुढची जाळी, बंपर आणि दारांची कुलपं दुर्मिळ झाली आहेत. जिल्ह्यात कितीतरी गोठ्यांत, जिनिंगमध्ये, वाड्यांच्या पडव्यांत फियाटचे अवशेष पडून आहेत. ते भंगारवाल्याला किलोवर घालू नका. आधी गावातल्या जुन्या मिस्त्रीला दाखवा. तो कुणाला तरी नक्की निरोप देईल.